मक्यात तणनाशक मारूनही गवत राहतं? आधी उरलेलं गवत नीट बघा

जुलै उजाडला की प्रश्न ठरलेला असतो. ‘पेरल्यावर लगेच औषध मारलं, वीस दिवसांनी परत मारलं, तरी गवत उभंच. औषध डुप्लिकेट होतं का?’ आमच्या येवला-वैजापूर पट्ट्यात मक्याचा पेरा मोठा, त्यामुळे हा प्रश्नही मोठा. डुप्लिकेट माल बाजारात नसतो असं नाही. पण बहुतेक वेळा गोम बाटलीत नसते. ती वेळेत असते, पाण्यात असते, नोझलमध्ये असते, नाहीतर गवताची जात ओळखण्यात असते. आणि नक्की कशात आहे ते उरलेलं गवतच सांगतं. म्हणून दुकानात दुसरं औषध आणायला जाण्याआधी एकदा शेतात उभं राहा.

मुळात हे काम अवघड का, ते आधी लक्षात घ्या. सोयाबीनमध्ये गवत मारणं सोपं आहे, कारण सोयाबीन द्विदल आणि गवत एकदल. गवतावर चालणारं औषध सोयाबीनला शिवतही नाही. मका मात्र स्वतःच गवताच्या कुळातला. त्यामुळे क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फेनॉक्साप्रॉप ही सोयाबीनमधली गवतनाशकं मक्यावर गेली तर मकाच मरतो. उरतात ती मोजकी औषधं, जी मका आतल्या आत पचवतो आणि गवत पचवू शकत नाही. हा पचवण्यातला फरक गवत कोवळं असतानाच मोठा असतो. गवताला फुटवे आले की तेही तग धरतं. मक्यात ‘थोडं मोठं होऊ द्या, मग एकदाच मारू’ हा हिशोब म्हणूनच बसत नाही.

उरलेलं गवत कुठे आहे?

बांधावर उभं राहून पाहू नका, बांधावरून सगळं शेत सारखंच हिरवं दिसतं. आत शिरा आणि पाच-सहा ठिकाणी बसून बघा.

गवत पट्ट्यापट्ट्याने उरलं असेल, म्हणजे दोन ओळींत साफ आणि तिसऱ्या ओळीत दाट, तर तो फवारणीचा दोष. नोझल एका बाजूने घासलं गेलंय, फवाऱ्याचे दोन पट्टे एकमेकांना भिडलेच नाहीत, किंवा चालताना हात डावीकडे-उजवीकडे फिरवत गेलात. हात फिरवला की मधे नागमोडी हिरवी रेघ राहते, ती लांबूनही ओळखू येते. बॅटरीचा पंप असेल तर चार्जिंग उतरत गेल्यावर दाब कमी होतो आणि शेताच्या शेवटच्या टोकाला गवत जास्त राहतं.

एका टोकाला गवतावर काहीच परिणाम नाही आणि दुसऱ्या टोकाला मकासुद्धा पांढरा पडलाय, असं असेल तर बाटली न हलवता वापरली. एससी प्रकारच्या औषधात दाणे तरंगत असतात, बाटली उभी राहिली की तळाशी बसतात. सुरुवातीच्या पंपांत वरचं पातळ गेलं, शेवटच्या पंपांत गाळ गेला. अ‍ॅट्राझिनची पावडर (पेरणीनंतर लगेच मारतात ते तणनाशक) तर टाकीतसुद्धा खाली बसते. ती थेट टाकीत न ओतता आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून, गाळून घ्यायची, आणि टाकी अधूनमधून हलवायची.

सगळ्या शेतात गवत उरलंय, पण सगळं एकाच जातीचं, तर औषध त्या जातीवर चालतच नाही. या मुद्द्यावर खाली सविस्तर लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

मोठं गवत वाळलेलं आणि त्याच्या बुडाशी बारीक, दोन पानांचं नवं गवत असेल, तर औषधाने काम केलंय. ही नंतर उगवलेली पिढी आहे. टेम्बोट्रायोन किंवा टोप्रामेझोन ही वीस दिवसांच्या आसपास मारायची औषधं फवारून मारायचं ते उगवलेल्या गवताला. जमिनीतल्या बियांवर त्यांचा भरवसा धरायचा नाही.

आणि गवत पांढरं पडलं होतं, पण आता मधूनच हिरवं पान येतंय, असं असेल तर मात्रा कमी पडली, सोबतचं चिकट द्रव्य टाकलं नाही, लगेच पाऊस झाला, किंवा गवत आधीच मोठं होतं. गवताचं एक बूड उपटून बघा. फुटव्यांसकट असेल तर उशीर झाला होता. तीन पानांचंच असूनही वाचलं असेल तर मात्रेचा किंवा पाण्याचा घोळ.

कोणतं गवत आहे ते हातात घेऊन बघा

‘गवत’ या एका शब्दात आपण पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. दुकानदारही विचारत नाही, आपणही सांगत नाही.

सगळ्यात आधी लव्हाळा बाजूला काढा. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा हाताला लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. लव्हाळा हे गवत नाही, त्याच्या मुळाशी गाठी असतात, आणि अ‍ॅट्राझिन, पेंडीमिथॅलीन या पेरणीनंतर लगेच मारायच्या औषधांना तो दाद देत नाही. टेम्बोट्रायोननेही वरचा पाला पिवळा-पांढरा होईल, पण गाठीतून परत फुटेल. त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के डब्ल्यूजी (पाण्यात मिसळणारे दाणे) आहे, एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा तीन-चार पानांवर असताना. तो सावकाश मरतो, दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. लव्हाळ्यात नुसती कोळपणी केली तर गाठी तुटून शेतभर पसरतात.

मग हराळी आणि कुंदा. ही बहुवर्षायू, जमिनीखालून पसरणारी. उभ्या मक्यात यांचा बंदोबस्त करेल असं भरवशाचं औषध नाही, हे सरळ मान्य करा आणि त्यावर पैसे घालू नका. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून, काशा (जमिनीखाली पसरणारे दांडे) वेचून, त्या उन्हात वाळवून जाळणं हाच जुना आणि अजूनही चालणारा मार्ग. मक्यात कोणी ‘हराळीवर जबरदस्त रिझल्ट’ म्हणून काही विकत असेल तर त्याला सांगा, आधी एका गुंठ्यावर मारून दाखव.

राहिलं ते बियांपासून दरवर्षी येणारं गवत: सावा, वाघनखी, शिप्पी, लोना, चिमणचारा, भरड. ही नावं दर तालुक्याला बदलतात, म्हणून नावावर जाऊ नका, खुणा बघा. पान दांड्याला जिथे चिकटतं तो सांधा हळूच उघडा. बहुतेक गवतांत तिथे पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर दिसते. सावा याला अपवाद, त्याच्या सांध्यात काहीच नसतं, कोरा. पानावर कधीकधी जांभळट आडवे पट्टेही असतात. वाघनखी जमिनीवर लोळते आणि जिथे कांडं मातीला टेकतं तिथे मुळं सोडते. तिचं बूड खुरपून काढलं आणि ओल्या सरीतच टाकलं तर ती परत रुजते. निंदणाऱ्या बायकांना हे कुणी सांगावं लागत नाही, उपटलेलं गवत त्या बांधावर नेऊन टाकतात.

केना वेगळाच. वर्गाने एकदल, पण पान रुंद आणि रसाळ. तोही कांड्यावरून रुजतो, आणि पावसाळी हवेत उपटून टाकलेला केना आठवडाभर हिरवा राहतो.

हे ओळखून झालं की अर्धा प्रश्न सुटतो. उदाहरणार्थ, २,४-डी. मक्यात ते चालतं हे खरं, पण रुंद पानाच्या तणांवर. गवतावर त्याचा काडीचा परिणाम नाही. ‘मक्याचं तणनाशक द्या’ म्हटलं आणि स्वस्तातलं म्हणून २,४-डी हातात आलं, तर माठ, कुंजरू, गाजर गवत जाईल आणि गवताला मोकळं रान मिळेल. वर शेजारी द्राक्षबाग किंवा कपाशी असेल तर नुसत्या वाऱ्याने गेलेल्या तुषारांनी त्यांची पानं वाकडी होतात, आणि मग भांडण तणाचं राहत नाही.

अ‍ॅट्राझिनवरचा विश्वास

पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत अ‍ॅट्राझिन ५० टक्के डब्ल्यूपी (पावडर), एकरी ४०० ते ८०० ग्रॅम, हलक्या जमिनीत कमी आणि भारी काळ्या जमिनीत जास्त. ही पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे, आणि मला आजही सोडावीशी वाटत नाही. पण तिच्याकडून अपेक्षा योग्य ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅट्राझिन बियाणं उगवायचं थांबवत नाही. तण उगवतं, मुळातून औषध वर जातं, पानाची कड पिवळी पडते आणि मग ते वाळतं. त्यामुळे सातव्या-आठव्या दिवशी बारीक हिरवळ दिसली म्हणून औषध फसलं असं नाही. पेंडीमिथॅलीनचं उलट, ते कोंब आणि मूळ जमिनीतच खुंटवतं.

दुसरी गोष्ट ओलीची. अ‍ॅट्राझिन मुळापर्यंत पोचायला ओल लागते. धूळपेरणी करून कोरड्या मातीवर मारलं आणि पाऊस पंधरा दिवस लांबला, तर ते वरच पडून राहतं. खालच्या ओलीतून गवत मात्र निघतं. पेरणी झाल्यावर वाफसा आहे, अंगाला माती चिकटत नाही पण मूठ बांधली तर गोळा होतो, अशा वेळी मारलं तर जमतं. ठिबक किंवा तुषार असेल तर फवारणीनंतर हलकं पाणी द्या. ढेकळं असलेल्या शेतात औषध ढेकळाच्या वरच्या बाजूला बसतं, खालून गवत येतं. पुढे ढेकूळ फुटलं की कोरी माती वर येते आणि तिथे दाट उगवण होते. शेतात गोल-गोल पुंजके दिसले तर हे कारण तपासा.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. अ‍ॅट्राझिन रुंद पानांवर जितकं चांगलं, तितकं गवतावर नाही. वाघनखी, शिप्पीसारख्या गवतांवर ते मुळातच कमी पडतं. वर्षानुवर्षं मका-मका आणि त्यात फक्त अ‍ॅट्राझिन असं चाललं की रुंद पानाचं तण कमी होत जातं आणि त्याची जागा गवत घेतं. ‘आधी इतकं गवत नव्हतं हो’ हे म्हणणं म्हणून खरंच असतं. शिवाय तेच औषध सतत एकाच जमिनीत गेलं की तिथले जिवाणू त्याला लवकर फोडायला शिकतात आणि त्याचा अंमल आधीच्या इतका टिकत नाही.

मक्यात मूग, उडीद, तूर किंवा सोयाबीनचं आंतरपीक असेल तर अ‍ॅट्राझिनचा विचारच सोडा, ते पीकही जाईल. तिथे पेंडीमिथॅलीन, आणि बी चार-पाच सेंटिमीटर खोल पडलंय याची खात्री करून.

उगवल्यानंतरची फवारणी: इथे दिवस मोजा

आता मक्यात गवतावर खरा भरवसा आहे तो टेम्बोट्रायोन आणि टोप्रामेझोन यांच्यावर. मेसोट्रायोन अ‍ॅट्राझिनसोबत तयार मिश्रणात येतं. तिघांचा मार्ग एकच: पानातल्या हिरव्या द्रव्याला उन्हापासून वाचवणारी पिवळी-केशरी रंगद्रव्यं तयार होऊ देत नाहीत. मग कोवळं पान उन्हात पांढरं पडतं. एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. त्या झाडातल्या द्रव्याचा माग काढत पुढे मेसोट्रायोन बनलं. तेच लाल ब्रशसारख्या फुलांचं झाड, जे आपल्याकडे कॉलेजच्या आवारात आणि बागांत लावलेलं असतं.

मात्रा अशा आहेत. टेम्बोट्रायोन ३४.४ टक्के एससी एकरी ११५ मिली, सोबत त्याचंच चिकट द्रव्य ४०० मिली. टोप्रामेझोन ३३.६ टक्के एससी एकरी ३० ते ४० मिली, सोबत कंपनीने दिलेलं तेलकट द्रव्य. मेसोट्रायोन २.२७ टक्के अधिक अ‍ॅट्राझिन २२.७ टक्के एससी एकरी १४०० मिली. बाजारात वेगवेगळ्या टक्केवारीची बाटली मिळते, त्यामुळे हातातल्या लेबलवरचा आकडा अंतिम धरा. टेम्बोट्रायोन किंवा टोप्रामेझोनला थोड्या अ‍ॅट्राझिनची जोड दिली, एकरी २०० ते ४०० ग्रॅम, तर दोघं मिळून जास्त काम करतात. पण पेरणीनंतर अ‍ॅट्राझिन मारलं असेल तर दोन्ही मिळून बेरीज एकरी ८०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका.

चिकट द्रव्य हा ‘फुकटचा खर्च’ नाही. गवताचं पान उभं आणि मेणचट असतं, त्यावर थेंब थांबत नाही. दुकानदाराने ती दुसरी बाटली दिली नाही, किंवा तुम्ही ती पुढच्या वेळेसाठी ठेवली, तर वर सांगितलेलं ‘पांढरं पडलं आणि परत हिरवं झालं’ हे नक्की होणार. त्याऐवजी धुण्याची पावडर किंवा शाम्पू टाकणारेही आहेत. फेस होतो, बाकी काही नाही.

आता वेळ. गवत दोन ते चार पानांवर, मका चार ते सहा पानांवर. खरिपात हे साधारण पेरणीनंतर पंधराव्या ते पंचविसाव्या दिवसाच्या आत येतं. पण कॅलेंडर बघून नाही, पान मोजून ठरवा. पाऊस चांगला असेल तर गवत बाराव्या दिवशीच तीन पानांवर येतं. एकदा फुटवे निघाले की तीच बाटली निम्म्याने काम करते.

मक्याला तणाचा खरा त्रास पहिल्या सहा आठवड्यांत होतो. पुढे पानं ओळीत मिसळली, सावली झाली, की नंतर उगवलेलं बारीक गवत पिकाचं फारसं काही बिघडवत नाही. चाळिसाव्या दिवशी खाली हिरवळ बघून तिसरी फवारणी करणारे आहेत. ती करू नका. मका मोठा झाल्यावर औषध पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) जास्त आणि गवतावर कमी पडतं.

पावसाची उघडीप लांबली असेल तर? माना टाकलेल्या, धुळीने माखलेल्या गवतावर मारू नका, ते औषध आत घेत नाही. पाणी देता येत असेल तर द्या, दोन दिवसांनी गवत टवटवीत झाल्यावर मारा. आणि आभाळ भरून आलं असेल तर थांबा, फवारणीनंतर निदान तीन-चार तास पाऊस नको.

फवारल्यावर तिसऱ्या-पाचव्या दिवशी नवं पान पांढरं दिसू लागतं, गवत पूर्ण मरायला दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काहीच झालं नाही’ म्हणून परत तेच मारणारे लोक मी दरवर्षी बघतो. गवताच्या मधल्या पानाकडे बघा, जुन्या पानाकडे नाही. जुनं पान हिरवंच राहतं, पांढरेपणा पोंग्यातून सुरू होतो.

पंपाला किती, हा चुकीचा प्रश्न

‘पंपाला किती मिली टाकू?’ या प्रश्नाला उत्तर नाही. औषध जमिनीला मोजून द्यायचं असतं, पंपाला नाही. समजा दुकानदाराने टेम्बोट्रायोन एकरी दहा पंप धरून पंपाला साडेअकरा मिली सांगितलं. एकजण भरभर चालतो, त्याचं एकर सहा पंपांत संपतं. त्याच्या शेतात ६९ मिली गेलं, म्हणजे साठ टक्के. दुसरा सावकाश चालतो, सोळा पंप मारतो. त्याच्या शेतात १८४ मिली गेलं, मका पांढरा पडला. बाटली एकच, सल्ला एकच, आणि दोघंही औषधाला नावं ठेवतात.

याला उपाय अर्ध्या तासाचा आहे. दोरीने ३३ फूट बाय ३३ फूट चौकोन आखा, तो एक गुंठा. पंपात मोजून साधं पाणी भरा आणि जसं रोज चालता तसंच चालत तो गुंठा फवारा. किती लिटर संपलं ते बघा आणि ४० ने गुणा. चार लिटर संपलं तर एकरी १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे दहा पंप, पंपाला साडेअकरा मिली. अडीच लिटरच संपलं तर एकरी १०० लिटर, सव्वासहा पंप, पंपाला १८.४ मिली. घरात दोघं फवारणारे असतील तर दोघांचा वेगळा गुंठा मोजा, चाल वेगळी असते. पाणी एकरी दीडशे-दोनशे लिटरच्या आसपास येईल असं नोझल आणि चाल ठेवा.

मिली मोजायला झाकण वापरू नका. औषधी दुकानात मिळणारी सुई काढलेली सिरिंज घ्या, आणि ती फक्त याच कामाला ठेवा. क्षेत्रही खरं धरा. सातबाऱ्यावर एकर असलं तरी विहीर, बांध, पोटखराबा वजा जाता पेरलेलं कमीच असतं.

नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, म्हणजे चपटा फवारा मारणारं. कीटकनाशकाचं गोल फवारा मारणारं नोझल तणनाशकाला नको, आणि ट्रॅक्टरच्या पंपाची गन तर अजिबात नको. गनने पाणी धो-धो जातं, पण एका ठिकाणी चिखल आणि दुसरीकडे कोरडं. नोझल जमिनीपासून, आणि गवत उगवलेलं असेल तर त्याच्या शेंड्यापासून, दीड-पावणेदोन फूट वर, आणि हात स्थिर. पाणी स्वच्छ, ओढ्याचं गढूळ नको.

मकाच खराब झाला तर

ओळीच्या टोकाला, जिथे वळता, तिथे मक्याच्या पानांवर पांढरे पट्टे दिसले तर घाबरू नका. तिथे फवारा दोनदा पडला. नवी पानं हिरवी आली की साधारण दोन आठवड्यांत पीक सावरतं.

पोंगा गुंडाळल्यासारखा उघडतच नाही, खोड ठिसूळ, वाऱ्याने मोडतंय, आधाराची मुळं एकमेकांना चिकटलेली: हा २,४-डीचा फटका, बहुधा मका मोठा झाल्यावर मारलेलं.

मधला पोंगा हलक्या हाताने ओढला आणि बुडाशी कुजून सुटून आला, तर दोन शक्यता. अळीने पोखरलं असेल तर छिद्र आणि लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसेल. ती नसेल, तर पंपात आधी सोयाबीनचं गवतनाशक होतं का ते आठवा. त्याचा थोडा अंशसुद्धा मक्याला पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. ते शक्य नसेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा, नळी आणि नोझलमधूनही तेच पाणी काढा, मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा.

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्या देशात आली तेव्हापासून आणखी एक सवय लागली आहे: मजुरी वाचते म्हणून अळीचं औषध आणि तणनाशक एकाच टाकीत. यात दुहेरी तोटा. अळीचं औषध पोंग्यात जायला हवं, तणनाशक गवतावर, म्हणजे नोझल एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं. दुसरं म्हणजे क्लोरपायरीफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मक्याची तणनाशक पचवण्याची यंत्रणाच काही काळ बंद पाडतात. मग एरवी सुरक्षित असलेल्या मात्रेतही मका भाजतो. दोन फवारण्यांत आठवडाभराचं अंतर ठेवा. स्वीट कॉर्न आणि बीजोत्पादनाच्या प्लॉटवर तर जास्तच जपून, त्यांच्या काही जातींना ही पांढरं करणारी औषधं सोसत नाहीत. कंपनीच्या लेखी सल्ल्याशिवाय मारू नका.

गवत वाचलंय, वेळही गेलीय, आता काय

मका गुडघ्याच्या वर असेल तर औषधाचा विषय संपवा. ओळींमधून कोळपं किंवा डवरा जात असेल तर घाला, ओळीतलं हाताने काढा. मजूर मिळत नसतील तर निदान एवढं करा: गवताला फूल येऊन बी पडण्याआधी ते कापा. साव्याच्या एका जोमदार बुडख्याला हजारोंनी बी लागतं, आणि पुढची तीन-चार वर्षं तेच वर येत राहतं. फवारणी केलेल्या शेतातलं गवत मात्र जनावरांपुढे टाकू नका. मक्याचा चाराही लेबलवर दिलेले दिवस गेल्याशिवाय कापू नका.

पुढच्या हंगामासाठी सगळ्यात स्वस्त उपाय पेरणीआधीचा आहे. पहिल्या पावसानंतर गवताची पहिली उगवण होऊ द्या आणि मग वखराची पाळी देऊन पेरा. पेरणी चार-सहा दिवस लांबते, ते खरं. पण पहिली आणि सगळ्यात दाट पिढी औषधाशिवाय जाते. शेणखतही पूर्ण कुजलेलंच टाका, अर्धकच्च्या खतातून गवताचं बी आपणच पेरतो.

फवारणी करताना दर वेळी एका कोपऱ्यात अर्धा गुंठा न फवारता सोडा. औषधाने किती काम केलं हे त्या तुकड्याशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. खरंच माल खराब असेल तर तक्रारीलाही तोच पुरावा लागतो. सोबत पक्कं बिल, बॅच नंबर असलेली बाटली आणि फवारल्याची तारीख जपून ठेवा, आणि गवत उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. वाळल्यावर पाहणीला कोणी आलं तरी काय बघणार?

आणि मक्यानंतर कांदा लावणार असाल, तर अ‍ॅट्राझिन किती गेलंय याचा हिशोब आत्ताच करा. आपल्या काळ्या, चुनखडीच्या, विम्ल (आम्लाच्या उलट गुणाच्या) जमिनीत ते जास्त काळ टिकतं, आणि पाऊस कमी झाला असेल तर आणखीनच. शंका असेल तर मका काढल्यावर शेतातली चार-पाच ठिकाणची वरची माती एका कुंडीत आणि न फवारलेल्या बांधाकडची माती दुसऱ्या कुंडीत भरा. दोन्हींत काकडीचं बी टाका, पाणी द्या, उन्हात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत शेतातल्या मातीतल्या रोपांची पानं कडेने पिवळी पडून वाळू लागली आणि बांधाकडची हिरवी राहिली, तर त्या शेतात कांद्याचं रोप इतक्यात लावू नका.